सोन्याचा तुरा आणि तीन धावा

एका राज्यात घोड्यांना माणसांच्या आधी पाणी मिळे. सकाळी पाणवठ्यावर बायका घागरी खाली ठेवून बाजूला उभ्या राहत, पागेतले घोडे पिऊन जात, मग घागरी भरल्या जात. कोणी कुरकुर करत नसे. त्या राज्याला हिऱ्यांच्या खाणी नव्हत्या, मोत्यांचा समुद्र नव्हता. होते ते घोडे. त्यांच्या टापा सीमेवर वाजल्या की शेजारची राज्ये आपले भाले खाली ठेवीत.

राजाचे नाव जयकेतू. तो शूर होता, उदार होता, आणि आपले चुकते हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

दर दसऱ्याला त्या राज्यात तीन धावा होत. एक पाव कोसाची, एक कोसाची, एक चार कोसांची. एके वर्षी राजाने सोन्याचा तुरा घडवून घेतला आणि दवंडी पिटवली, की राज्यातला सर्वांत वेगवान घोडा जो ठरेल त्याच्या मस्तकी हा तुरा राजा स्वतः चढवील.

धावा झाल्या. पाव कोसाची धाव जिंकली राजाच्या शरभाने. शरभ शुभ्र होता, मानेला बाक होता, आणि सुटला म्हणजे धनुष्यातून बाण सुटावा तसा सुटे. कोसाची धाव जिंकली सेनापतीच्या पाखऱ्याने. तो तांबडा, उंच, लांब टांगांचा. चार कोसांची धाव जिंकली धूमा नावाच्या राखी घोडीने. ती होती कालंजेची.

कालंजा दोन दिवसांच्या वाटेवर एका डोंगरात एकटी राही. ती मायाविनी होती. पाऊस तिला विचारून पडतो असे लोक म्हणत, ते खोटे होते. दगड तिच्याशी बोलतात असे म्हणत, ते खरे होते.

आता तिन्ही विजयी घोडे राजापुढे उभे राहिले, आणि तिघे एकमेकांशी कधी धावलेच नव्हते. सर्वांत वेगवान कोण, हे ठरवायचे कसे? राजाने वेळ मोजणारीला बोलावले.

तिचे नाव भिवरा. सात पिढ्या तिच्या घराण्याकडे घटिकापात्राचे काम होते. बुडाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका. घटकेची साठ पळे. पळाचेही इवलेसे पात्र तिच्यापाशी होते. पळाची साठ विपळे, आणि विपळ म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. त्याला पात्र नसते. ती विपळे भिवरा तोंडाने मोजी, साठ बोलांचा एक पाठ होता, तो लहानपणीच घोटलेला. तिच्या मोजणीत एका विपळाची चूक कधी कोणाला सापडली नव्हती. ती ताठ मानेने चाले, आणि लोक म्हणत, तिला ते शोभते.

"वेळा सांग," राजा म्हणाला.

"शरभ, पाव कोस, दोन पळे चार विपळे," भिवरा म्हणाली. "पाखऱ्या, एक कोस, नऊ पळे नऊ विपळे. धूमा, चार कोस, चाळीस पळे."

राजाने कारकुनाकडून भागाकार करवून घेतला. दर पाव कोसाला शरभाची एकशे चोवीस विपळे पडली, पाखऱ्याची एकशे सदतीस, धूमेची दीडशे.

"तर मग प्रश्न उरला कुठे?" राजा म्हणाला. "शरभ सर्वांत वेगवान. धूमा सर्वांत मंद. भिवरे, तुझे आकडे बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत, महाराज."

"मग निवाडाही बरोबर आहे."

भिवरेला आतून कळत होते की निवाडा चुकला. पण चूक कुठे आहे ते तिला सांगता येईना, म्हणून ती गप्प राहिली. राजाने तुरा उचलला आणि शरभाच्या मस्तकी बांधला. लोकांनी जयजयकार केला.

तेव्हा कालंजा पुढे आली. तिने आवाज चढवला नाही.

"राजा, चार कोस धावून आलेलीला तू अंगणात धावणाऱ्याच्या मापाने मोजलेस आणि सर्वांसमोर मंद म्हणालास. ऐक. तिन्ही धावा एका खऱ्या काट्यावर तोलल्या जाईपर्यंत, आणि ज्याचा मान त्याला तू आपल्या हाताने देईपर्यंत, या राज्यातला एकही घोडा धावणार नाही. तुरा कोणाच्या हाताने निघणार नाही, आणि वर्षागणिक जड होत जाईल."

एवढे बोलून तिने धूमेचा लगाम धरला. धूमा चालत निघाली. पागेतले, रस्त्यावरचे, सीमेवरचे सगळे घोडे त्याच क्षणी चालीवर आले.

बारा वर्षे घोडे चालत राहिले. टाच मारली तरी चालत, चाबूक दाखवला तरी चालत. सीमेवरच्या बातम्या शिळ्या होऊन येऊ लागल्या. वैद्य पोहोचेपर्यंत रोगी जाई. शेजारच्या राजांनी खाली ठेवलेले भाले पुन्हा हातात घेतले, आणि एकाने तर दोन गावे गिळली. सैन्य तिकडे पोहोचले तोवर त्या गावांत दुसऱ्याची नाणी चालू झाली होती. पाणवठ्यावर घोड्यांना पहिले पाणी अजून मिळे, पण बायका आता दुसरीकडे पाहत.

आणि शरभ. तुरा दर वर्षी शेराशेराने जड होत गेला. सोनारांच्या कानशी त्यावर चालल्या नाहीत, मांत्रिकांचे मंत्र चालले नाहीत, बारा पैलवानांना तो तसूभर हलला नाही. बाराव्या वर्षी शरभाला मान उचलता येईना. राजाने चंदनाचा चौरंग करवला. त्यावर हनुवटी टेकून शरभ दिवस काढी. राजा रोज स्वतः त्याला ओल्या हरभऱ्याचा तोबरा बांधी आणि त्याच्या कानामागे खाजवी. पण निवाडा बदलावा असे सांगायची कोणाची छाती झाली नाही, आणि बदलायचा तर कोणत्या आधाराने, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

वैद्याने सांगितले, "पुढचा दसरा हा घोडा पाहणार नाही."

ते ऐकून भिवरा धावांच्या मैदानावर गेली. तिथे कमरेएवढे गवत माजले होते. बारा वर्षे ती मनाशी एकच गोष्ट घोळवीत होती. आकडे तिचे होते, आणि तिच्या खऱ्या आकड्यांवर खोटा निवाडा उभा होता. सात पिढ्यांत असे झाले नव्हते.

गवतात एक टिटवी अंडी उबवत बसली होती. ती म्हणाली, "पाय जपून टाक, बाई."

"जपूनच टाकते," भिवरा म्हणाली.

"घोडे धावत तेव्हा इथे साप नसत," टिटवी म्हणाली. "आता माझ्या चार अंड्यांपैकी एक वाचते. घोडे धावावेत असे मलाही वाटते. कालंजेच्या डोंगरात साक्षीकुंड आहे. या राज्यात झालेली एकूण एक धाव त्या पाण्याला आठवते. तिथे जा."

"कालंजा मला पाहू देईल?"

"तिची घोडीही बारा वर्षे चालतेच आहे," टिटवी म्हणाली आणि पुन्हा अंड्यांवर बसली.

भिवरेने पात्रे पदराच्या गाठीत बांधली आणि ती निघाली. तिला त्रेचाळिसावे लागले होते. दोन दिवस चालून ती डोंगरावर पोहोचली. कालंजा दारात बसून धूमेच्या खुरांना तेल लावत होती. घोडी म्हातारी झाली होती, डोळ्यांवरचे खळगे खोल गेले होते, पण पाय अजून सरळ होते.

"आकडे सांगणारी," कालंजा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"तीच. काटा शोधायला आले आहे."

"बारा वर्षांनी?"

"बारा वर्षे स्वतः शोधला. सापडला नाही."

कालंजेने तेलाची वाटी खाली ठेवली. "शाप माझ्या तोंडून निघाला, पण माझ्या हातात उरला नाही. काटा काय तो मला कळतो, पण मी सांगितला तर तो माझा काटा होईल, आणि राजा म्हणेल, घोडी तिची, काटाही तिचा. तुलाच शोधावा लागेल. तीन कामे आहेत. पहिले पायांचे, दुसरे डोळ्यांचे, तिसरे जिभेचे. कबूल?"

"कबूल."

"मग ती समोर चिंच दिसते, तिथपर्यंत धाव."

भिवरेने ओचा खोचला आणि ती धावली. लहानपणानंतर ती धावलीच नव्हती. अर्धे पळ लागले.

"आता ओढ्यापर्यंत. चिंचेच्या चौपट आहे."

भिवरा ओढ्यापर्यंत धावली. अडीच पळे लागली. तिच्या बरगडीत कळ आली.

"आता डोंगराला वळसा घाल. ओढ्याच्या चौपट आहे."

भिवरेने डोंगराला वळसा घातला. निम्म्यावर तिला वाटले पडू, पण ती पडली नाही. परत दारात आली तेव्हा साडेबारा पळे झाली होती आणि तोंडाला कोरड पडली होती. कालंजेने तिला पाणी दिले. तिचे पिऊन होईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "राजाच्या रीतीने भागाकार कर. चिंचेपर्यंत धावणारी भिवरा वेगवान की डोंगर फिरणारी?"

भिवरेने बोटांवर मोजले. "राजाच्या रीतीने चिंचेची भिवरा श्रेष्ठ ठरते. डोंगराची भिवरा मंद."

"दोघी कोण?"

"दोघी मीच," भिवरा म्हणाली, आणि तिथेच खाली बसली. बारा वर्षे जी चूक तिला सापडत नव्हती ती तिच्या दुखऱ्या पायांत सापडली. अंतर चौपट झाले की वेळ चौपट होऊन थांबत नाही. त्यात दमाचा वाटा मिसळतो. तो वाटा वगळून राजाने भागाकार केला होता.

"पण हा वाटा केवढा?" तिने विचारले. "माझा दम माझा आहे. घोड्याचा वेगळा."

"ते डोळ्यांचे काम," कालंजा म्हणाली आणि तिला साक्षीकुंडापाशी घेऊन गेली.

कुंड लहान होते, दोन माणसांनी हात पसरले तर काठ भेटतील एवढे. कालंजेने पाण्याला बोट लावले. पाण्यात मैदान दिसले, जुन्या पद्धतीची पागोटी घातलेली माणसे दिसली, आणि घोडे सुटले.

"तीनशे वर्षांच्या धावा आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक एकदाच दिसेल. नजर हलली तर ती गेली."

दहा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, भिवरा कुंडाच्या काठी बसली. बाजूच्या कटोऱ्यात पळाचे पात्र बुडत राहिले, ओठांवर साठ बोलांचा पाठ चालत राहिला. तिने काळे घोडे पाहिले, ठिपक्यांचे घोडे पाहिले, कपाळावर चांदणी असलेली एक घोडी पाहिली, तिच्यावर राजाची पणजी बसली होती. जे घोडे कधीच मेले, ज्यांच्या स्वारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, ते तिच्यासमोर जीव तोडून धावले. तिच्या डोळ्यांत पाणी आले तरी तिने ते पुसले नाही, कारण पुसताना धाव निसटली असती. या राज्यात आपण जन्मलो याचा तिला असा अभिमान कधी वाटला नव्हता.

दहाव्या दिवशी तिच्या स्वतःच्या आठवणीतल्या त्या दसऱ्याच्या आदल्या वर्षापर्यंत कुंड येऊन थांबले. भिवरेने तीन खडे मांडले.

"तीनशे वर्षांत पाव कोस सर्वांत लवकर धावणाऱ्याला दोन पळे लागली," ती म्हणाली. "एक कोस सर्वांत लवकर धावणाऱ्याला नऊ पळे. चार कोसांना साडेचाळीस. तीन घोडे, तीन वेगळे काळ, कोणी कोणाला पाहिलेले नाही."

"मग?"

"दोनाचे साडेचारपट नऊ. नवाचे साडेचारपट साडेचाळीस." "अंतर चौपट, तर वेळ साडेचारपट. वरचा अर्धा हा दमाचा वाटा. चांगला घोडा दमाला एवढेच देतो, जास्त देत नाही. हाच काटा. शरभाची पाव कोसाची वेळ कोसावर आणली तर पाचशे अठ्ठावन्न विपळे होतात. पाखऱ्याला कोसाला लागली पाचशे एकोणपन्नास. धूमेची वेळ कोसावर उतरवली तर पाचशे चौतीससुद्धा भरत नाहीत. राजाने ज्याला पहिला म्हटले तो तिसरा, आणि जिला मंद म्हटले ती पहिली."

कालंजेने डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "काटा सापडला. आता जा आणि राजाला सांग. ते जिभेचे काम."

"अजून नाही," भिवरा म्हणाली. "वेळ मी मोजली. अंतर मी दुसऱ्यांच्या शब्दावर घेतले. पाव कोस, कोस, चार कोस असे म्हणतात. आहेत का, ते पाहून येते."

ती खाली उतरली. काठीभर लांबीची दोरी घेऊन तिने तिन्ही धावांच्या वाटा मोजल्या. हजार काठ्यांचा कोस. पाव कोसाची वाट बरोबर निघाली. कोसाची बरोबर निघाली. चार कोसांच्या वाटेला तिला दोन दिवस लागले, आणि ती तीस काठ्या कमी भरली. तिने परत मोजली. तीसच कमी. शेवटच्या दगडापाशी एक म्हातारा गुराखी बसला होता. त्याने सांगितले, की त्या दसऱ्याच्या आधीच्या पावसाळ्यात पुढे दलदल झाली होती, म्हणून गावकऱ्यांनी दगड अलीकडे आणून रोवला. घोड्यांचे पाय रुतू नयेत एवढाच हेतू होता.

भिवरा पुन्हा डोंगर चढली.

"धूमेच्या वेळेत वीस विपळे वाढवावी लागतील," ती म्हणाली. "वाट अपुरी होती."

कालंजा उठून उभी राहिली. अंगणातले दगड गुरगुरले. चिंचेची पाने एकदम मिटली.

"बारा वर्षे माझ्या घोडीने अपमान सोसला," ती म्हणाली. "आणि तू तिची वीस विपळे कापून घेतेस. तू बोलली नसतीस तर कोणाला कळले असते?"

"मला," भिवरा म्हणाली.

दगड हळूहळू शांत झाले. कालंजा पुन्हा खाली बसली.

"वीस वाढवून काय उरते?"

"चाळीस पळे वीस विपळे. कोसावर उतरवले तर पाचशे अडतीस. तरीही ती पहिली. आणि तीनशे वर्षांतल्या चार कोसांच्या सर्वांत चांगल्या धावेपेक्षाही ती दहा विपळांनी पुढे आहे. हे आता कोणी मोजून पाहिले तरी ढळणार नाही."

"माझ्या चौतिसापेक्षा तुझे अडतीस भक्कम आहे," कालंजा म्हणाली. "तिसरे काम राजापुढे व्हायचे होते. निम्मे तू इथेच केलेस. धूमेला घेऊन जा. मीही येते."

तिघी चालत निघाल्या, दोन बाया आणि एक घोडी. वाटेत लोकांनी त्यांना पाहिले आणि मागोमाग येऊ लागले. राजधानीत पोहोचल्या तेव्हा मागे अख्खा मुलूख होता.

राजा पागेत शरभापाशी होता. भिवरा समोर जाऊन उभी राहिली आणि मुजरा करून म्हणाली, "महाराज, निवाडा चुकला होता."

बारा वर्षांत हे वाक्य त्या पागेत कोणी उच्चारले नव्हते. सेनापतीचा हात तलवारीवर गेला. राजाने त्याला खुणेने थांबवले.

"तू म्हणाली होतीस, आकडे बरोबर आहेत."

"दोन बरोबर होते. तिसऱ्यात वीस विपळांची उणीव होती, कारण मी वाट मोजली नव्हती. तो दोष माझा. त्याची शिक्षा आपण द्याल ती घेईन. पण निवाड्यातला दोष वेगळा आहे."

मग तिने काटा समजावून सांगितला. चिंच, ओढा आणि डोंगर सांगितला. जमिनीवर खडे मांडले. मागे उभ्या असलेल्या कुणब्यांनी, कोष्ट्यांनी, पाणक्यांनी माना डोलावल्या, कारण ओझे घेऊन लांब चाललेल्या प्रत्येकाला दमाचा वाटा ठाऊक होता. राजाला तो ठाऊक नव्हता. तो कधी पायी लांब गेलाच नव्हता.

"या काट्यावर माझा शरभ कितवा?"

"तिसरा, महाराज."

"दुसराही नाही?"

"नाही. पाखऱ्या त्याच्यापुढे नऊ विपळे आहे."

राजाचा चेहरा उतरला. "सगळ्या राज्याने त्याला बाण म्हटले."

"तो बाणच आहे," भिवरा म्हणाली. "तीनशे वर्षांत पाव कोसाला त्याच्यापेक्षा लवकर मोजकेच घोडे गेले. सर्वांत चांगल्यापेक्षा तो फक्त चार विपळे मागे आहे. हे मी डोळ्यांनी पाहून आले आहे. तिसरा म्हणजे हलका, असे मी म्हटलेले नाही. त्याला हलके केले ते या तुऱ्याने. जो मान त्याचा नव्हता तो त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि बारा वर्षे तो त्याखाली उभा आहे."

राजाने शरभाकडे पाहिले. चौरंगावर टेकलेली ती मान, मिटत चाललेले डोळे. राजाने त्याच्या कानामागे हात ठेवला.

"मला वाटायचे, मी तुझा मान राखतो आहे," तो घोड्याला म्हणाला. मग लोकांकडे वळून म्हणाला, "ऐका सगळे. त्या दसऱ्याचा माझा निवाडा चुकीचा होता. धूमा पहिली, पाखऱ्या दुसरा, शरभ तिसरा. मी, जयकेतू, हे माझ्या तोंडाने सांगतो."

त्याने तुऱ्याला हात घातला. बारा पैलवानांना जो हलला नव्हता तो तुरा गवताच्या काडीसारखा वर आला. राजाने तो दोन्ही हातांनी नेला, धूमेपुढे मान लववली आणि तिच्या मस्तकी बांधला. तो तिथे नेमका बसला. मग तो कालंजेकडे वळला.

"मी तिला मंद म्हटले. तो शब्द मागे घेतो."

"घेतलास," कालंजा म्हणाली. "पुरे."

धूमेने एक पाय उचलला. मग दुसरा. मग ती दुडकीने पागेबाहेर गेली, आणि रस्त्यावर येताच तिने मान लांब केली. एकविसाव्या वर्षी, म्हाताऱ्या पायांनी, ती धावली. कोणी तिला अडवले नाही. मागोमाग पाखऱ्याने दावे तोडले. मग पागेतले तीनशे घोडे, रस्त्यावरची तट्टे, वेशीबाहेरची शिंगरे, ज्यांनी जन्मात धाव पाहिली नव्हती तीसुद्धा, सगळी एकदम उधळली. टापांचा आवाज गावोगाव गेला, सीमेपर्यंत गेला. पलीकडच्या राजाने तो ऐकला आणि त्याच संध्याकाळी गिळलेल्या दोन गावांतून आपली माणसे काढून घेतली.

शरभ मात्र तिथेच उभा होता. त्याने आधी मान उचलली. ती उचलता येते यावर त्याचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला असावा. मग त्याने चौरंग लाथेने उडवला.

महिनाभराने दसरा आला. मैदान साफ झाले होते, टिटवीच्या घरट्याभोवती राजाने दगडांचे कुंपण घालून दिले होते. चार कोसांच्या वाटेचा दगड तीस काठ्या पुढे सरकला होता. वेशीवर नवी शिळा बसवली होती आणि तिच्यावर कोरले होते: अंतर चौपट, वेळ साडेचारपट, वरचा अर्धा दमाचा. भिवरेची शिक्षा राजाने अशी ठरवली, की राज्यातली प्रत्येक वाट तिने स्वतः मोजावी आणि तिच्या मोजणीवाचून कोणतीही धाव ग्राह्य धरू नये. कालंजा पहिल्यांदाच लोकांमध्ये बसून धावा पाहायला आली होती. तिच्या शेजारी कोणी बसेना, मग राजाच जाऊन बसला.

पाव कोसाच्या धावेत तरुण घोड्यांबरोबर शरभही होता. त्याला उतरवू नका असे वैद्य म्हणाला होता, पण पागेतला मोतद्दार शरभाला धरूनच ठेवू शकला नव्हता. घोडे सुटले. शरभ बाणासारखा सुटला, निम्म्या वाटेवर त्याला दोघांनी गाठले, शेवटी चौघांनी मागे टाकले. तो पाचवा आला. पण तो मान ताठ ठेवून आला, आयाळ उडवत आला, आणि लोक उभे राहिले.

राजा धावतच भिवरेपाशी गेला. "किती?"

"दोन पळे एकोणीस विपळे, महाराज. पण त्याचे वय पाहता आणि बारा वर्षे—"

"वय सांगू नकोस," राजा म्हणाला. "आकडा पुरे."

त्याने शरभाच्या घामेजल्या मानेवर हात ठेवला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतः पुकारले, "माझा शरभ, पाव कोस, दोन पळे एकोणीस विपळे, पाचवा."

त्या राज्याचे भले झाले. ही कहाणी ज्यांनी बसून ऐकली त्यांच्या वाटा खऱ्या मापाच्या असोत.